ताबा देणारं माणूस

१

"त्या टेकडीवरच्या हॉलमध्ये लग्न काढलं ना, की घरातलं एक माणूस…"

एवढंच माझ्या कानावर आलं. दातांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. एकीचा गाल सुजलेला, तोंडाला रुमाल. बोलत होती ती दुसरी. ती "एक माणूस" म्हणाली आणि नेमका तेव्हाच आतून नंबर पुकारला. दोघी उठून आत गेल्या.

अर्धी गोष्ट पोटात घेऊन घरी जाणाऱ्यांतली मी नाही. माझी दाढ भरून झाली होती, अर्धं तोंड बधिर होतं, तरी मी तिथेच बसून राहिले. चांगली चाळीस मिनिटं. शेवटी कंपाउंडरला विचारलं, तर म्हणाला, "त्या केव्हाच गेल्या. मागच्या दारानं."

"दवाखान्याला मागचं दार हवंय कशाला?" मी चिडून विचारलं. बधिर तोंडातून त्याला काय कळलं कुणास ठाऊक, त्यानं मला चूळ भरायला पाणी आणून दिलं.

घरी येईपर्यंत मी त्या वाक्याला दहा शेपट्या लावून बघितल्या. एक माणूस आजारी पडतं. एक माणूस पळून जातं. एक माणूस रुसतं, पण ते तर कुठल्याही लग्नात रुसतंच. मरतं, हेही मनात आलं. पण मग लोक तिथे लग्नं कशाला काढतील? तो हॉल तर बारा महिने भरलेला असतो म्हणे.

जिन्यात समोरच्या वहिनी भेटल्या. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि हॉल शोधायचा होता. म्हटलं, सावध करावं. शेजारी कशासाठी असतात?

"वहिनी, टेकडीवरच्या हॉलचं नाव काढू नका हं," मी म्हटलं, आणि ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं.

त्या पायरीवरच थांबल्या. "घरातलं एक माणूस… काय?"

"तेच तर कळलं नाही हो."

"अस्सं," त्या म्हणाल्या. हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि वर गेल्या.

पुढच्या रविवारी हॉल बघायला निघालो, तेव्हा त्यांच्या यादीत तीन नावं होती. तिसरं टेकडीवरच्या हॉलचं.

२

आमच्या मजल्यावर दोनच घरं, दारासमोर दार. त्यांच्याकडे चौघं. घड्याळं दुरुस्त करणारे भाऊजी, वहिनी, त्यांची एकुलती एक मुलगी, जिला लहानपणापासून सगळे ठकी म्हणतात, आणि भाऊजींची थोरली बहीण. तिला सगळी बिल्डिंग आत्याच म्हणायची. मीसुद्धा.

आत्यांनी लग्न केलं नाही. कारखान्याच्या स्टोअरमध्ये चौतीस वर्षं काढली. आईवडील लवकर गेले, तर धाकट्या भावाला वाढवलं ते या बाईनं, त्याला दुकान काढून दिलं ते हिनं, आणि ठकीला तळहाताच्या फोडासारखं जपलं तेही हिनंच. आता अडुसष्ट वय. गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून हातात काठी. दहा मिनिटं उभ्या राहिल्या की पाय सुजून खांब व्हायचे. आणि तोंडाचा पट्टा चालू. एकच गोष्ट दिवसातून चारदा. मला आवडायचं ऐकायला, पण मी ऐकून माझ्या घरी जात होते, हेही खरं.

त्यांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक छोटी खोली. छोटी आत्यांची. जावयाची नोकरी इथून दोन चौकांवर, म्हणून लग्नानंतर जोडपं इथेच राहणार होतं. निजणार कुठे? छोट्या खोलीत. मग आत्या?

हा प्रश्न त्या घरात जेवायच्या टेबलावर ठाण मांडून बसला होता आणि सगळे त्याला वळसा घालून जेवत होते. एकदा वहिनींनी म्हाताऱ्यांच्या आश्रमाचं नाव काढलं, तेव्हा भाऊजी कधी नव्हे ते ओरडले, "लोक काय म्हणतील?" आमच्या भिंती पातळ आहेत, त्यात माझा काय दोष? मी वाट बघत होते, पुढे म्हणतील, माझी बहीण आहे ती. नाही म्हणाले. पुन्हा तेच, "लोक काय म्हणतील?"

३

हॉल बघायला मला न्यायचं कारण असं की खोड काढण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. लोक छतावरची झुंबरं बघतात. मी आधी संडास बघते. मग स्वयंपाकघराची मोरी, मग जिना. शंभर माणसं एकदम हात धुवायला गेली तर पाणी कुठे तुंबेल, ते मला नुसत्या वासावरून कळतं.

आश्चर्य म्हणजे वहिनींनी आत्यांनाही बरोबर घेतलं होतं. एरवी त्यांना दुकानापर्यंतसुद्धा नेत नसत. "घरातलं मोठं माणूस आहे, त्यांनी बघायला नको?" वहिनी म्हणाल्या. आत्या काठी टेकत, नवी चप्पल घालून, गाडीत पुढे बसल्या. मला बरं वाटलं. म्हटलं, लग्नघरात माणसाचं मन मोठं होतं.

पहिला हॉल बाजारात. नळ सोडला तर आधी हवा आली, मग गंज. मॅनेजर म्हणाला, "लग्नाच्या दिवशी पाणी येईल हो." मी म्हटलं, "आणि नवरदेव?" ठकी हसून हसून वाकली.

दुसऱ्याचा जिना असा, की आत्या चौथ्या पायरीवर बसल्या त्या बसल्याच. "मी इथूनच आशीर्वाद देते," म्हणाल्या. वरून त्या हॉलच्या खिडक्या थेट एका सुताराच्या कारखान्यावर उघडत होत्या. लग्न लागताना करवत चालू.

"दोन्ही बाद," वहिनी म्हणाल्या. वाईट वाटल्यासारखं बोलल्या, पण यादीवर काट मारताना त्यांचा हात भरभर चालला.

४

टेकडीवरच्या हॉलमध्ये मला एकही खोड सापडली नाही. हेच मला आधी खटकायला हवं होतं.

नळाला धो धो पाणी. मोरी कोरडी. संडासात आरसासुद्धा स्वच्छ. पायऱ्या नाहीतच, सपाट चढ. आत्या न थांबता चढल्या. नवरीच्या खोलीत उजेड भरपूर. मॅनेजर म्हणजे इस्त्री केलेला मनुष्य, हळू बोलणारा. पण एक होतं. बाकीचे दोघं भेटल्या भेटल्या "माणसं किती?" विचारत होते. यानं ते विचारलंच नाही. यानं विचारलं, "ताबा कोण देणार?"

"म्हणजे?" ठकी म्हणाली.

"लग्न आटोपलं की घरचं एक माणूस मागे थांबतं, बाई. ताटं, खुर्च्या, चादरी, सगळं मोजून आमच्या ताब्यात देतं. मग घरचे मोकळे."

ते तर सगळ्याच हॉलवर असतं. आमच्या धाकट्या दिराच्या लग्नात मीच थांबले होते. पण जाताना विचारतात हो, येताना नाही.

बाकीचे स्टेज बघत होते, तेवढ्यात मी स्वयंपाकघराच्या मागे गेले. लांब बोळ होता आणि त्याच्या टोकाला एक दार, दोन बोटं उघडं. आतून ताटांचा आवाज येत होता, एकावर एक ठेवल्याचा. आणि मोजण्याचा. दहा-बारा गळे, प्रत्येकाचा आकडा वेगळा. बायकांचे, पुरुषांचे, दबके. मी एकच आवाज धरून ठेवला. "सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास." मग थांबला. मी पन्नासची वाट बघत राहिले. "एक," तो आवाज म्हणाला. "दोन."

दुसरा आवाज धरला. तोही एकोणपन्नासवर थांबला आणि पुन्हा एक.

म्हटलं, पन्नासावं ताट मुकाट्यानं ठेवत असतील. कामवाल्यांची पद्धत असते एकेक.

मी फटीला डोळा लावला. पाय दिसले. मोलमजुरी करणाऱ्यांचे नव्हेत. लग्नाला जातानाच्या चपला, त्यावर ठेवणीतले कपडे. एकीच्या पदराची जरीकिनार काळी पडलेली. एका माणसाचा कोट, खिशाला फूल, वाळून पार पापुद्रा झालेलं. तेवढ्यात एक हात ताट घेऊन हवेतच थांबला. तोंड वळलं नाही, नुसता कान माझ्याकडे वळला.

"घरचे आले वाटतं," ती बाई म्हणाली. इतक्या आशेनं म्हणाली, की मी हो म्हणणारच होते.

माझ्या खांद्यावरून एक हात आला आणि दार अलगद लागलं. मॅनेजर.

"आज कुणाचं लग्न आहे?" मी विचारलं.

"आज हॉल रिकामा आहे. म्हणून तर तुम्हाला नीट दाखवता येतोय."

"मग हे कोण मोजतंय?"

"मागचं राहिलंय थोडं," तो म्हणाला, आणि मला पुढे घालून ऑफिसात घेऊन आला.

ऑफिसात वहिनींनी फॉर्म जवळजवळ भरलाही होता. तारीख, वेळ. खाली एकच रकाना उरला होता: ताबा देणाऱ्या माणसाचं नाव.

"आत्या," वहिनी म्हणाल्या, "हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार हो?"

पंचवीस वर्षांत त्यांच्या तोंडून आत्यांशी इतका गोड आवाज मी ऐकला नव्हता. आत्यांनीही ऐकला नसावा. त्या खुर्चीत ताठ झाल्या.

"आई, अगं तिला उभं राहवत नाही," ठकी म्हणाली. "बाबा थांबतील की."

भाऊजी खिडकीतून बाहेर बघत होते.

"गप गं ठके," आत्याच म्हणाल्या. "चौतीस वर्षं स्टोअर सांभाळलंय मी. एक नट इकडचा तिकडे झाला नाही. तुझ्या बाबाला घरातले चमचे विचार, किती आहेत ते सांगता यायचं नाही. द्या इकडे पेन." आणि सही करता करता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघितलंस? अजून अडतं हो माझ्यावाचून."

मॅनेजरनं कागद माझ्यापुढे सरकवला. "घराबाहेरच्या एका माणसाची सही लागते. हे माणूस घरचंच आहे, एवढं सांगायला. चाकर किंवा लांबचं कुणी चालत नाही."

"घरचंच म्हणजे? घर उभं केलंय त्यांनी," मी म्हटलं आणि सही ठोकली. अक्षर माझं वाईट नाही. त्या दिवशी तर फारच छान आलं.

गाडीत बसताना मी वहिनींना हळूच विचारलं, "ती अफवा हो… घरातलं एक माणूस…"

"लोकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला काही खोड सापडली का? नाही ना? मग?"

खोड सापडली नाही, हे खरंच होतं. मोजण्याचं मी काही बोलले नाही. काय बोलणार? लोक ताटं मोजत होते म्हणून?

५

लग्न दुपारचं. झकास झालं. पाणी कुठे तुंबलं नाही.

चारच्या सुमाराला ठकी आणि जावई आठ दिवस फिरायला निघाले. ठकीनं आत्यांच्या गळ्याला मिठी मारली. "खोलीत तुझा पलंग तसाच राहणार हं. आईनं कबूल केलंय."

"जा गं बाई, गाडी चुकेल," आत्या म्हणाल्या. डोळे पुसले आणि लगेच काठी घेऊन स्वयंपाकघराकडे चालू लागल्या. कामाला उशीर नको.

पाहुणे पांगले. पाच वाजता शेवटची गाडी दाराशी लागली. त्यात आम्ही बिल्डिंगमधले सहा-सात जण, वहिनी आणि भाऊजी. मी म्हटलं, आत्यांना बघून येते. बोळाच्या टोकाचं दार आता सताड उघडं होतं. आत नुसत्या फळ्यांच्या मांडण्या आणि ताटांच्या चवडी. माणूस म्हणून कुणी नाही. मध्ये एका खुर्चीवर आत्या, काठी फळीला अडकवलेली, मांडीवर ताटं.

"झालं का?"

"एक चवड जुळत नाही गं. एकोणपन्नास येताहेत. पुन्हा मोजते. तुम्ही व्हा पुढे, निघताना मला हाक मारायला सांगा कुणाला तरी."

मी येऊन गाडीत बसले. दरवाजा लागला.

"सगळे आले का?" ड्रायव्हरनं विचारलं.

वहिनी उठून उभ्या राहिल्या. एकेका डोक्यावर बोट ठेवावं तसं त्यांनी आम्हाला मोजलं, अगदी सावकाश. भाऊजी हातातल्या घड्याळाला किल्ली देत होते. ती केव्हाच पुरी झाली होती, तरी देत होते.

"सगळे आले," वहिनी म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण मनात आलं, मागून रिक्षा करून येतील, मॅनेजर सोडेल, घरचेच गप्प आहेत, तर आपण बाहेरच्यांनी मध्ये तोंड का घालायचं? जन्मभर मी कधी असा विचार केला नव्हता. नेमका त्याच दिवशी केला.

गाडी उतारावर वळली, तेव्हा मागच्या काचेतून हॉलची पाठ दिसली. मागच्या बाजूला एकच खिडकी. तीत आत्या उभ्या होत्या. हात हलवत नव्हत्या. ओठ हलत होते.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांची बेल वाजवली. छोट्या खोलीतून हातोड्याचा आवाज येत होता. नवा पलंग जोडत होते. डबल.

"आत्या उठल्या का?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "कोण आत्या?"

मी हसले. मला वाटलं, लग्नाचा शीण आहे, थट्टा करताहेत.

"अहो, आत्या. भाऊजींच्या थोरल्या बहीण."

"यांना कुठे बहीण आहे?" वहिनी म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "अहो, ऐकलंत का, तुम्हाला बहीण आहे का हो?"

भाऊजी खिडकीपाशी बसले होते. डोळ्याला भिंग, पुढ्यात उघडलेलं घड्याळ. "नाही," ते म्हणाले. मान वर केली नाही.

घरी येऊन मी दार लावलं आणि आमच्या ह्यांना विचारलं, समोर किती माणसं राहतात?

"चार," हे म्हणाले. "का गं?"

"चौथी कोण?"

"म्हातारी की. सकाळी सकाळी काय परीक्षा घेतेस?"

म्हणजे माझं डोकं ठिकाणावर होतं. मग त्यांचं काय झालं होतं? रात्रीत दोन माणसं एक माणूस विसरतात? भिंतीला कान लावून बसले. दिवसभरात त्या घरातून आत्यांचं नाव एकदाही आलं नाही. त्यांची औषधं, त्यांची जुनी गादी, सगळं जिन्याखाली कचऱ्यात. कुणी हेलपाटा मारून आणून ठेवलं, ते मला दिसलं नाही. माझ्या नजरेतून असं कधी सुटत नाही.

७

तिसऱ्या दिवशी भर दुपारी मी टेकडी चढले.

मॅनेजर दारातच उभा होता. "या. तुमच्याकडे कार्य आहे?"

"रुमाल राहिला होता," मी म्हटलं आणि थांबले नाही. सरळ स्वयंपाकघर, बोळ, टोकाचं दार. पुन्हा दोन बोटं उघडं.

आज आवाज जास्त होते. पण मला शोधावं लागलं नाही. स्टोअरची सवय असलेला, एकेक आकडा खुंटीला टांगावा तसा म्हणणारा तो आवाज मी पंचवीस वर्षं ऐकला होता. "सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास."

मी दार ढकललं, तळहाताएवढंच. काठी फळीला अडकवलेली होती. खुर्ची नव्हती. आत्या उभ्या होत्या, पाठ माझ्याकडे. लग्नातलेच कपडे. पाय… पायांकडे मी बघितलं आणि नजर वर घेतली. चपलेचे पट्टे मांसात रुतून दिसेनासे झाले होते. त्या उभ्या होत्या, आणि मला एकदम कळलं की त्या परवापासून उभ्या आहेत.

"एक," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. कान माझ्या बाजूला वळला. "कोण? घरचे आले का गं?"

त्यांच्याबरोबर सगळेच थांबले. सगळ्यांची ताटं हवेत.

पाठीमागे मॅनेजर. अगदी जवळ, अगदी हळू. "घरचं माणूस आलं तर त्यांना सोडता येतं. त्यांच्या जागी उभं राहावं लागतं, एवढंच. तुम्ही घरच्या का?"

तुम्ही म्हणाल, आम्ही असतो तर हो म्हटलं असतं. म्हणा.

"नाही," मी म्हटलं. "मी शेजारची."

आत्यांनी ऐकलं. त्यांचा कान पुन्हा ताटांकडे वळला. "दोन," त्या म्हणाल्या. माझ्यावर रागावल्या नाहीत. तेवढ्या तरी रागावायला हव्या होत्या.

८

ठकी यायच्या आदल्या दिवशी वहिनी माझ्याकडे आल्या. दार लावून घेतलं. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले. माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या.

"तुम्हाला आठवतात ना त्या?" म्हणाल्या.

मी मान हलवली. त्यांना ते पुरलं.

"तुम्ही अर्धं सांगितलंत. पुढचं मी शोधून काढलं. माझ्या मावसबहिणीच्या नणंदेकडचं लग्न तिथेच झालं होतं. बहीण म्हणाली, ताबा द्यायला थांबतं ते माणूस तिथेच राहतं. आणि घरच्यांना विसरायला होतं. साफ. जसं काही ते माणूस नव्हतंच." त्यांचा आवाज चिरकला. "विसरायला होतं, असं म्हणाली हो ती! म्हणून मी… नाहीतर मी काय राक्षसीण आहे का?"

"मग?"

"कुठे काय मग? सात दिवस झाले. मला सगळं आठवतंय. त्यांचं खोकणं आठवतंय. यांनाही आठवतंय, रात्रभर छताकडे बघत असतात. मी काल त्या नणंदेकडे गेले. म्हटलं, कधी होतं विसरायला? तर तिनं मला घराबाहेर काढलं. म्हणाली, आमच्याकडे कुणी नव्हतंच. दार लावताना रडत होती." वहिनींनी माझा हात धरला. बर्फासारखी बोटं. "आपोआप नाही होत, ताई. करावं लागतं. सगळ्यांनी मिळून, घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीही. एकानं जरी नाव घेतलं ना, तर नाही जमत."

"तिथे कुणीतरी घरचं गेलं, तर त्या सुटतात," मी म्हटलं. "त्याच्या बदल्यात."

"तेही ठाऊक आहे." त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या. "ठकीला कळलं तर ती क्षणभर थांबेल का? चालत जाईल. चपला न घालता जाईल. माझी पोरगी तिथे उभी राहील. सांगा, तुम्हीच सांगा आता. आणि त्या कागदावर तुमचीही सही आहे."

शेवटचं वाक्य बोलल्या नसत्या तरी चाललं असतं. ते मला रोजच ऐकू येत होतं.

९

ठकी आली. तासाभरातच भिंतीपलीकडे आवाज चढले. "आत्या कुठेय?" "कोण आत्या?" "आई, थट्टा पुरे." "बाबा?" मग जावयाचा आवाज, तोही घाबरलेला, त्यालाही काहीतरी पढवलं असावं. मग आमची बेल.

दारात ठकी. नव्या नवरीचे कपडे, चेहरा पांढराफटक.

"काकू," ती म्हणाली, "तुम्ही खोटं बोलणार नाही. मला आत्या होती ना?"

तिच्या मागे, समोरच्या दारात वहिनी उभ्या होत्या. एक हात चौकटीवर.

"कोण आत्या गं?" मी म्हटलं.

ती खाली बसली. उंबऱ्यातच. मी तिला उचलून आत आणलं, माझ्या पलंगावर बसवलं, पाठीवरून हात फिरवला. माझा जीव आहे तिच्यावर. हे मी खरं सांगते आहे.

"मला वेड लागलंय का, काकू?"

"दगदग झाली गं. प्रवास, जागरणं. होतं असं."

"मग…" ती आठवून आठवून बोलत होती, एकेक वस्तू अंधारात चाचपावी तशी. "मग मला शाळेत कोण सोडायचं?"

"तुझे बाबा."

"माझे केस कोण विंचरायचं? रोज सकाळी. खिडकीत बसवून. आई तर दुकानात असायची सकाळी."

मी गप्प राहिले असते तर? पण वहिनी दारापर्यंत आल्या होत्या.

"मीच गं," मी म्हटलं. "मीच विंचरायचे."

तिनं मान वर केली. माझे हात हातात घेतले, उलटसुलट करून बघितले. मग माझ्याकडे पाठ केली आणि केसांच्या पिना एकेक करून काढून पलंगावर ठेवल्या. केस पाठीवर मोकळे सोडले. मान ताठ धरून बसली.

"विंचरा," ती म्हणाली.

टेबलावर माझाच कंगवा होता. तो उचलला. समोरच्या खिडकीत मी वीस वर्षं बघितलं होतं ते. सकाळी साडेसात. आधी टोकं, मग मधले, मग मुळं. गाठ आली तर वरून चिमटीत धरायचं, म्हणजे डोक्याला हिसका बसत नाही. भांग डावीकडून, भुवईच्या टोकाच्या रेषेत. शेवटी कानामागे एकदा बोट फिरवायचं, उगीचच.

मी आधी टोकं घेतली. मग मधले. एक गाठ आली, ती चिमटीत धरली. भांग डावीकडून काढला.

कानामागे बोट फिरवलं, तेव्हा ठकीनं एक लांब श्वास सोडला. तिचे खांदे हळूहळू सैल पडत खाली आले.

"हो," ती म्हणाली. "तुम्हीच."

दारातून वहिनी मागच्या मागे वळल्या आणि पाय न वाजवता आपल्या घरात गेल्या. मी आणखी थोडा वेळ विंचरत राहिले.